हाकेला ओ: एका शेल स्क्रिप्टने दुसरीला बोलावताना

रात्री कार्यालयाला कुलूप लागलं की बऱ्याच ठिकाणी संगणकाचं खरं काम सुरू होतं. पतसंस्थेत दिवसअखेरीचे व्यवहार बंद करायचे असतात. साखर कारखान्यात काट्यावरची वजनं ऊस खात्याच्या हिशेबात आणायची असतात. फाउंड्रीत दिवसभराच्या ओतकामाच्या नोंदी मुख्य सर्व्हरवर न्यायच्या असतात, आणि बॅकअप तर सगळ्यांनाच घ्यायचा असतो. बेळगावच्या उद्यमबागेत असो की निपाणीच्या पेठेत, जिथे लिनक्स आहे तिथे या कामाला बहुतेक वेळा शेल स्क्रिप्टच जुंपलेल्या असतात. त्या एकट्यादुकट्या नसतात. एक मुख्य स्क्रिप्ट असते, ती दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. एक कुणीतरी लिहून गेलेलं असतं, दुसरी नंतरच्या माणसाने जोडलेली असते, तिसरीत मध्येच कुणी ओळ घातलेली असते. सकाळी कर्मचारी येतो, लॉगच्या तळाशी ‘काम पूर्ण’ असं बघतो आणि निर्धास्त होतो. त्या ओळीवर किती विश्वास ठेवायचा, हा या लेखाचा विषय आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकमेकींना बोलावणाऱ्या स्क्रिप्टांमध्ये जे घोटाळे होतात, त्यांतल्या बहुतेकांत आतल्या स्क्रिप्टने ‘मला जमलं नाही’ असं रीतसर सांगितलेलं असतं. ते वरच्या स्क्रिप्टच्या कानापर्यंत पोचलेलं नसतं, किंवा पोचूनही तिने त्याची दखल घेतलेली नसते. म्हणून आढावा घ्यायचा तो हाक मारण्याच्या पद्धतींचा आणि त्याहून जास्त ओ ऐकण्याच्या पद्धतींचा.

केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये युनिक्ससाठी केलेला पहिला शेल इतका छोटा होता की ‘इफ’ आणि ‘गोटू’ हेसुद्धा त्याच्या पोटात नव्हते, त्या बाहेरच्या स्वतंत्र आज्ञा होत्या. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. आज आपण वापरतो ते व्याकरण मुख्यतः तिथून सुरू होतं: शेवटच्या आज्ञेचा निकाल सांगणारं ‘$?’, निघताना आवराआवर करणारा ‘ट्रॅप’, आणि अटींची मांडणी. ब्रायन फॉक्स यांचा बॅश (१९८९) त्याच घराण्यातला. १९९२ मध्ये पॉसिक्सने शेलचं प्रमाण ठरवून दिलं, तरी प्रत्येक शेलच्या खोडी राहिल्याच.

यंत्रणा मात्र पन्नास वर्षांत फारशी बदललेली नाही. शेल स्वतःची एक प्रत काढतो, त्या प्रतीवर नवा प्रोग्रॅम चढवतो आणि तो संपेपर्यंत थांबतो. फोर्क, एक्झेक, वेट. संपताना ही प्रत, म्हणजे मूल, आपल्या पालकाला एक आकडा देतं, आणि बोलावणाऱ्याला त्यातले फक्त खालचे ८ बिट दिसतात. त्यामुळे हा एक्झिट कोड ० ते २५५ यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. ० म्हणजे काम झालं, बाकी सगळे आकडे म्हणजे काहीतरी राहिलं. किती नोंदी अपयशी ठरल्या ती संख्याच एक्झिट कोड म्हणून परत द्यावी, असं नवख्या माणसाला फार वाटतं. कल्पना वाईट नाही, पण बरोबर २५६ नोंदी फसल्या त्या दिवशी बाहेर ० येतो आणि सगळं आलबेल दिसतं. मोजणी द्यायची असेल तर ती फाइलमध्ये लिहावी किंवा छापावी. कोडचं काम फक्त निकाल सांगण्याचं.

आता हाक मारण्याच्या पद्धती. सरळ पद्धत म्हणजे फाइलचा मार्ग लिहायचा. मग फाइलच्या पहिल्या ओळीतलं शेबँग वाचून कर्नल योग्य शेल उभा करतो. ही सोय डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये घातली. इथे दोन कोड पाठच असावेत. फाइल सापडलीच नाही तर १२७, सापडली पण चालवण्याची परवानगी नाही तर १२६. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आली की ओळींच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटून येतं. मग फाइल डोळ्यांसमोर असूनही शेल ‘सापडत नाही’ म्हणतो, कारण त्याला न सापडणारी गोष्ट शेबँगमधला शेल असते. दोन्ही प्रकारची यंत्रं एकाच टेबलावर असलेल्या आपल्याकडच्या कार्यालयांत हा त्रास नेहमीचा आहे.

दुसरी पद्धत म्हणजे आधी ‘बॅश’ लिहून पुढे फाइलचं नाव. यात शेबँगची ओळ निव्वळ टिप्पणी ठरते. कुणी शेबँगमध्येच ‘वजा ई’ लिहून ‘चूक झाली की थांब’ असं ठरवलेलं असेल, तर ते कलम गुपचूप गळून पडतं. गूगलच्या शेल लेखनसंहितेत पर्याय ‘सेट’ने फाइलच्या आत लावा असं सांगितलंय ते याचसाठी. ‘बॅश’ऐवजी ‘एसएच’ लिहिलं तर आणखी एक पेच. उबंटूमध्ये २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून आणि डेबियनमध्ये २०११ पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश हा वेगळा शेल. बॅशच्या खास सोयी तिथे चालत नाहीत.

तिसरी पद्धत ‘सोर्स’ची, म्हणजे नुसत्या टिंबाची. यात नवी प्रक्रिया जन्मतच नाही, दुसऱ्या फाइलच्या ओळी पहिल्याच शेलमध्ये चालतात. सेटिंगच्या फाइली आणि सामायिक फंक्शनं आणायला हीच पद्धत योग्य. पण आणलेल्या फाइलमध्ये कुणी ‘एक्झिट’ लिहिलं असेल, तर ती फाइल संपत नाही, बोलावणारी स्क्रिप्टच संपते. एक्झिटनंतर ० असेल तर मुख्य स्क्रिप्ट अर्ध्या वाटेवर यशस्वी होऊन थांबते, आणि यापेक्षा फसवी अवस्था दुसरी नाही. सोर्स करायच्या फाइलमध्ये ‘रिटर्न’ लिहावं. एखादी फाइल दोन्ही प्रकारे वापरायची असेल तर तो मोह सोडावा आणि दोन फाइली कराव्यात.

‘एक्झेक’ने बोलावलं तर बोलावणारी स्क्रिप्ट स्वतःची जागाच सोडते, खालच्या ओळी कधीच चालत नाहीत. विंडोजच्या बॅच फाइलींवर हात बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे एका बॅच फाइलने दुसरीचं नाव नुसतं लिहिलं तर काम परत येत नाही, ‘कॉल’ लिहावं लागतं. ही कॉल आज्ञा १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये आली. तिथल्या ‘इफ एररलेव्हल १’चा अर्थही ‘१ किंवा त्याहून मोठा’ असा आहे. त्यामुळे तपासण्या मोठ्या आकड्यापासून उतरत्या क्रमाने लिहाव्या लागतात.

शेवटची पद्धत दूरच्या यंत्रावरची. मुख्य कार्यालयातून शाखेतली स्क्रिप्ट ‘एसएसएच’ने चालवली तर शाखेतल्या स्क्रिप्टचा कोड जसाच्या तसा परत येतो. जोडणीच झाली नाही तर २५५ येतो. म्हणून आपल्या स्क्रिप्टने स्वतः कधीही २५५ देऊ नये. नाहीतर शाखेतलं काम फसलं की मधली लाईन गेली, हे सकाळी सांगता येत नाही.

हा आकडा हरवतो कुठे, हे जवळून पाहू. काट्यावरची वजनं पाठवणारी एक स्क्रिप्ट घ्या. तिचं नाव ‘वजन’ ठेवू, युनिक्समध्ये फाइलला देवनागरी नाव चालतं. तिच्या शेवटच्या तीन ओळी अशा: पहिली डेटाबेसमधून त्या दिवसाच्या पावत्या काढून फाइलमध्ये टाकते, दुसरी ती फाइल मुख्य सर्व्हरवर पाठवते, तिसरी ‘एको’ने लॉगमध्ये वेळ लिहिते. रात्री लाईन गेली. दुसरी आज्ञा शून्येतर कोड देऊन संपली, म्हणजे तिने प्रामाणिकपणे सांगितलं. मग तिसरी ओळ चालली. लॉगमध्ये वेळ लिहायला काही अडचण नव्हती, तिने ० दिला. स्क्रिप्टमध्ये वेगळं एक्झिट लिहिलेलं नसेल तर शेवटच्या आज्ञेचा कोड हाच स्क्रिप्टचा कोड, म्हणून ‘वजन’ने वर ० कळवला. मुख्य स्क्रिप्टने तो ० मानला आणि पुढच्या ओळीत काट्याच्या संगणकावरची त्या दिवसाची फाइल जागा मोकळी करायला पुसून टाकली. इथे शेलचा एकही नियम मोडलेला नाही.

उपाय एका ओळीचा आहे. ज्या आज्ञेचा निकाल हवा तिच्या लगेच खालच्या ओळीत ‘$?’ एका चलात पकडायचा, मग हवं ते छापायचं, आणि शेवटी तोच चल एक्झिटला द्यायचा. मधे एक एको जरी आला तरी ‘$?’ मध्ये एकोचा निकाल बसतो. याच जातीची आणखी दोन भुतं आहेत. अटीत आज्ञेआधी उद्गारचिन्ह लावलं की निकाल उलटतो, त्यामुळे आत गेल्यावर ‘$?’ विचारलं तर मूळ कोड गेलेला असतो आणि हाती ० येतो. आणि ‘एल्स’ नसलेल्या ‘इफ’ची अट खोटी ठरली तर ‘फाय’च्या पुढे ‘$?’ शून्यच असतो. अटीतली आज्ञा ३ देऊन पडली की १२७ देऊन, काही कळत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. स्क्रिप्टच्या शेवटी ‘जुनी फाइल असेल तर पूस’ हे ‘&&’ घालून एका ओळीत लिहिलेलं असतं. फाइल नसली तर तपासणी १ देते, ओळ १ देते, स्क्रिप्ट १ देते. काम बिनचूक झालेलं असतानाही वरची स्क्रिप्ट ते अपयश समजते. अशा खोट्या हाकाटीला कंटाळून मग कुणीतरी बोलावण्याच्या ओळीपुढे ‘|| ट्रू’ लावून टाकतो, आणि त्या दिवसापासून खरी हाकाटीही ऐकू येईनाशी होते. माझ्या पाहण्यात जी ‘|| ट्रू’ची चिकटपट्टी सर्वांत जास्त आढळते, तिचं मूळ बहुधा असं असतं.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे फाइलच्या वर ‘सेट वजा ई’ लिहा, मग कुठलीही आज्ञा फसली की स्क्रिप्ट आपोआप थांबेल. याबाबत जाणत्यांमध्ये दोन तट आहेत आणि वाद जुना आहे. पहिला तट म्हणतो, माणूस तपासायला विसरणारच, तेव्हा यंत्रणेने थांबवलेलं बरं. दुसरा म्हणतो, ही यंत्रणा इतक्या ठिकाणी आपोआप बंद पडते की तिच्यावर विसंबणं धोक्याचं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, आणि कारण नेमकं बोलावण्याशी जोडलेलं आहे. एखादं फंक्शन नुसतं बोलावलं तर ‘वजा ई’ त्याच्या आत लागू असतो. तेच फंक्शन ‘इफ’मध्ये, किंवा पुढे ‘||’ लावून बोलावलं, तर त्याच्या आतल्या प्रत्येक ओळीसाठी ‘वजा ई’ निष्प्रभ होतो. फंक्शन लिहिणाऱ्याने काहीही बदललेलं नसतं, बोलावणाऱ्याने फक्त जास्त काळजी घेतलेली असते, आणि त्या काळजीनेच आतलं संरक्षण जातं. स्वतंत्र प्रक्रिया म्हणून बोलावलेल्या स्क्रिप्टला हा त्रास नाही, तिच्या आतला ‘सेट’ तिच्यापुरता पक्का राहतो. मोठ्या कामाचे तुकडे फंक्शनांऐवजी वेगळ्या फाइलींत ठेवण्याच्या बाजूने हा भक्कम मुद्दा आहे.

शिवाय बॅशमध्ये ‘$( )’ वापरून घेतलेल्या उत्तराच्या आत ‘वजा ई’ उतरत नाही. ते उतरवण्याचा ‘इनहेरिट एररएक्झिट’ हा पर्याय २०१६ च्या ४.४ आवृत्तीत आला, आणि तो मुद्दाम चालू करावा लागतो. फंक्शनमध्ये ‘लोकल’ने चल जाहीर करताना त्याच ओळीत उत्तर भरलं तर आज्ञेच्या कोडवर ‘लोकल’चा ० चढतो. दोन ओळी केल्या की प्रश्न मिटतो. मी ‘वजा ई’ लावतो, पण महत्त्वाच्या प्रत्येक बोलावण्याचा निकाल हाताने तपासल्यावर, वरून कडी म्हणून.

पाइपचं दुखणं निराळं. ‘|’ने जोडलेल्या साखळीचा कोड म्हणजे शेवटच्या आज्ञेचा कोड. डेटाबेसचा डंप काढून तो दाबून फाइलमध्ये ठेवणारी ओळ सगळीकडे असते. त्यात डंप मध्येच मेला तरी दाबणारी आज्ञा आलेलं तेवढं इमानाने दाबते आणि ० देते. फाइल तयार असते, उघडतेही, आणि आत अर्धाच डेटाबेस असतो. ‘टी’ लावून लॉग ठेवणाऱ्यांचंही हेच होतं. यावरचा ‘पाइपफेल’ हा पर्याय बॅशमध्ये २००४ पासून आहे आणि २०२४ च्या पॉसिक्स प्रमाणात अखेर दाखल झाला. त्याची एक खोड ठाऊक असावी. साखळीच्या टोकाला ‘हेड’ असेल आणि त्याने पहिल्या काही ओळी घेऊन दार लावलं, तर मागची आज्ञा १४१ देऊन पडते. तो १२८ अधिक १३ क्रमांकाचा सिग्नल, आणि त्यात बिघाड काही नसतो.

पाठीमागे ‘&’ लावून चार शाखांच्या चार स्क्रिप्ट एकदम सोडायच्या आणि शेवटी ‘वेट’ लिहायचं, ही रीत वेळ वाचवते. पण नुसता ‘वेट’ सगळे संपेपर्यंत थांबतो आणि ० देतो, चारही फसल्या तरी. प्रत्येकीचा प्रक्रिया क्रमांक जपून ठेवून एकेकीसाठी वेगळा वेट लिहिला तरच चार निकाल मिळतात. ‘फाइंड’ने फाइलीगणिक स्क्रिप्ट बोलावताना शेवटी अर्धविराम लावला तर कोड टाकून दिला जातो, अधिकचिन्ह लावलं तर राखला जातो. ‘एक्सआर्ग्ज’ बहुतेक अपयशांना १२३ हा एकच आकडा देतो. ‘टाइमआउट’ने मुदत संपवली तर १२४.

मग आपल्या स्क्रिप्टने कोणते आकडे द्यावेत? बीएसडी युनिक्सने टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या निमित्ताने ६४ ते ७८ अशी एक यादी केली होती, ती आजही मिळते. सगळी पाठ करण्याची गरज मला वाटत नाही. त्यातला ७५ मात्र कामाचा, कारण त्याचा अर्थ ‘आत्ता जमलं नाही, थोड्या वेळाने पुन्हा कर’. ०, १, चुकीच्या वापरासाठी २, आणि ७५ एवढ्या चार आकड्यांत पतसंस्थेची रात्र निभावते. आकडे वाढवले की ते वाचणारं कुणी उरत नाही. बाहेरच्या आज्ञांचे आकडे मात्र वाचूनच घ्यावे लागतात. ‘ग्रेप’चा १ म्हणजे सापडलं नाही आणि २ म्हणजे बिघाड. ‘आरसिंक’चा २४ म्हणजे पाठवता पाठवता काही फाइली नाहीशा झाल्या, जे चालू सर्व्हरवर होणारच, पण २३ म्हणजे काही मजकूर पोचलाच नाही. ‘कर्ल’ तर पान सापडलं नाही तरी ० देतो, ‘वजा एफ’ लावलेलं नसेल तर. कोडचा अर्थ ज्याचा त्याने ठरवलेला असतो, म्हणून ‘शून्य नाही म्हणजे थांबा’ इतक्यावर काम भागत नाही.

न ऐकलेल्या उत्तराची किंमत किती मोठी असू शकते, याची जाहीर उदाहरणं आहेत. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या खेळांच्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टने लोकांच्या फाइली पुसल्याचं उघड झालं. स्क्रिप्ट आपलं स्वतःचं फोल्डर शोधायला ‘सीडी’ करून उत्तर एका चलात घेत होती. सीडी फसली, चल रिकामा राहिला, तो रिकामा आहे का हे कुणी विचारलं नाही, आणि पुढची पुसण्याची आज्ञा त्या चलाला तिरकी रेघ जोडून चालली. रिकाम्यापुढे तिरकी रेघ म्हणजे संपूर्ण डिस्कचं मूळ. त्या ओळीवर लिहिणाऱ्याने स्वतःच ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टिप्पणी करून ठेवली होती.

डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे साधारण ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली स्क्रिप्ट ठेवली गेली होती. बॅश फाइल एकदम वाचून घेत नाही, चालता चालता पुढचं वाचत जातो. त्यामुळे तो नव्या फाइलच्या मधोमध जाऊन पोचला, जिथे चलं भरलेलीच नव्हती, आणि जुन्या लॉग पुसणाऱ्या आज्ञेने नको ते पुसलं. बोलावल्या जाणाऱ्या स्क्रिप्टचं सगळं काम एका फंक्शनमध्ये गुंडाळून शेवटच्या एकाच ओळीत ते फंक्शन बोलवावं आणि तिथेच एक्झिट करावं, या शिफारशीचं कारण इथे कळतं. तशी फाइल शेल आधी पूर्ण वाचतो, मगच हलतो. नवी आवृत्ती आणताना जुनीवर लिहू नये, नव्या नावाने आणून मग नाव बदलावं.

तिसरं उदाहरण कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचं, ३१ जानेवारी २०१७ चं. मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं, आणि बॅकअप पाहायला गेले तर ते नव्हतेच. डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा असल्याने डंप रोज फसत होता. फसल्याची पत्रं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, पाठवत होता, पण सही नसलेली म्हणून ती टपालाच्या सर्व्हरने नाकारली होती. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. इथे आतून ओ आली होती. ती माणसापर्यंत नेणारी शेवटची कडी तुटली होती.

ती शेवटची कडी आपल्याकडे बहुधा क्रॉनच असते, आणि क्रॉन एक्झिट कोडकडे बघत नाही. स्क्रिप्टने काही छापलं तर तो पत्र पाठवतो, गप्प राहिली तर नाही. शंभर ओळी छापून यशस्वी झालेल्या कामाचं पत्र येतं आणि मुकाट्याने १ देऊन मेलेल्या कामाचं येत नाही. ‘क्रॉनिक’ नावाची छोटी आज्ञा ही चूक सुधारते, काम फसलं तरच छापते. सिस्टमडीचे टायमर आणखी बरे. त्यात ‘ऑनफेल्युअर’ लिहून अपयशाला वेगळी कृती बांधता येते, आणि कोणता आकडा यश मानायचा तेही सांगता येतं. नवी यंत्रणा उभारत असाल तर क्रॉनचा हट्ट सोडावा, असं मी स्पष्ट म्हणेन.

क्रॉनमधून आणखी एक गोष्ट गळते, आणि सीमाभागात ती फार बाधते: परिसर, म्हणजे एन्व्हायर्नमेंट. बोलावणारा शेल मुलाला एक्सपोर्ट केलेल्या चलांची प्रत देतो. मुलाने त्यात केलेले बदल वर येत नाहीत, मुलाने सीडी केली तरी पालक जागचा हलत नाही. क्रॉन स्वतःच मोजका परिसर देतो. पाथ आखूड असतो म्हणून हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री १२७ देते. आणि लोकॅल, म्हणजे भाषेचं आणि वर्णक्रमाचं सेटिंग, बहुधा नसतोच. आपल्याकडच्या सभासद याद्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांतली नावं एकत्र असतात. ती क्रमाने लावून कालची यादी आणि आजची यादी ‘जॉइन’ने जुळवायची, हे रोजचं काम. लोकॅल नसेल तर क्रम बाइटांवर ठरतो, आणि त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत तो ह नंतर. बाइटांच्या क्रमात बेळगाव आधी आणि बेविनकोप नंतर, वर्णमालेच्या क्रमात उलट. दिवसा माणसाने मराठी लोकॅलमध्ये लावलेली यादी आणि रात्री क्रॉनने लोकॅलविना लावलेली यादी जुळवायला गेलं की ‘जॉइन’ ‘क्रम चुकला’ म्हणून तक्रार करतो. मधल्या स्क्रिप्टने तो कोड गिळला तर काही सभासद त्या दिवशी यादीतून गायब. उपाय असा की मुख्य स्क्रिप्टने सुरुवातीलाच ‘एलसी ऑल’ हा चल ‘सी’ ठरवून एक्सपोर्ट करावा, म्हणजे खालच्या सगळ्यांना एकच क्रम मिळतो. माणसांना वाचायची यादी शेवटी वेगळी लावावी.

याच कारणासाठी वरच्या स्क्रिप्टने खालच्या स्क्रिप्टच्या छापील संदेशात शब्द शोधून निकाल ठरवू नये. लोकॅल बदलला की संदेशाची भाषा बदलू शकते, आणि हाताने लिहिलेला संदेश तर लिहिणाऱ्याच्या मर्जीचा: एकाने रोमन लिपीतली मराठी, दुसऱ्याने इंग्रजी, तिसऱ्याने कन्नड. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. जुनं इंग्रजी स्पेलिंग शोधत बसणारी स्क्रिप्ट त्यानंतर गप्प बसून शून्य नोंदी मोजत राहील. संदेश माणसांसाठी असावा, तो वाचून त्यांनी काय करायचं ते ठरवावं. स्क्रिप्टने स्क्रिप्टशी आकड्यातच बोलावं.

शिकवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बेळगाव हे त्या दृष्टीने मोक्याचं ठिकाण आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथे आहे, आणि राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याचा अभ्यासक्रम चालवतात. त्याच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात संगणक शाखेला पाचव्या सत्रात ‘युनिक्स प्रोग्रॅमिंग’ होतं. शेलसाठी सुमिताभ दास यांचं पुस्तक, फोर्क-एक्झेक-वेटसाठी रिचर्ड स्टीव्हन्स यांचं. साहित्य उत्तम आहे. पण शेल एका प्रकरणात आणि प्रक्रिया दुसऱ्यात असल्याने, ‘$?’ हा स्टीव्हन्सच्या पुस्तकातल्या वेटचाच निकाल आहे, हे विद्यार्थ्याच्या मनात जुळायला वेळ लागतो. निपाणीची स्थिती आणखी वेगळी. गावात याच विद्यापीठाला जोडलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गावाला खेटून असलेल्या अर्जुननगरचं देवचंद महाविद्यालय मात्र कोल्हापूर जिल्ह्यात आणि शिवाजी विद्यापीठाकडे. बेळगावातच २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठही आहे. एका कारखान्याच्या संगणक खात्यात या तिन्ही वाटांनी आलेली मुलं शेजारी बसतात. तिघांना स्क्रिप्ट लिहिता येते. दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट बोलावून तिचा निकाल कसा सांभाळायचा, हे मात्र बहुतेकांना नोकरीत आल्यावरच कळतं, आणि तेही एखादी रात्र वाया गेल्यावर.

साधनांची उणीव नाही. ‘शेलचेक’ हा विडार होलन यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला तपासनीस फुकट मिळतो, आणि वर सांगितलेल्या किती तरी चुका, विशेषतः ‘लोकल’ची आणि न तपासलेल्या ‘सीडी’ची, तो स्क्रिप्ट चालवण्याआधीच दाखवतो. महाविद्यालयांनी तो प्रयोगशाळेत सक्तीचा करावा. आणि प्रयोगवहीत एक प्रयोग वाढवावा असं मला मनापासून वाटतं. दोन स्क्रिप्ट लिहायच्या, पहिलीने दुसरीला बोलवायचं. दुसरी सुरुवातीला कुलूप म्हणून एक फाइल तयार करते (ती आधीच असेल तर परत फिरते), मिनिटभर थांबते, आणि ‘ट्रॅप’ने निघताना ती फाइल पुसते. पहिली दुसरीचा कोड पकडून छापते. आता दुसरी चालू असताना तिला वेगवेगळ्या प्रकारे थांबवायचं. साधा ‘किल’ पाठवला तर पहिलीला १४३ दिसायला हवा, १२८ अधिक १५, आणि बॅशमध्ये कुलूपही पुसलेलं दिसेल. इथे एक बारकावा समजावून सांगावा: ट्रॅप थेट ‘किल’च्या सिग्नलवर लावला, तर बॅश चालू आज्ञा संपल्यावरच तो चालवतो, म्हणून मिनिट पुरं होईपर्यंत काहीच घडत नाही असं वाटेल. मग ‘किल वजा ९’ पाठवायचा. पहिलीला १३७ दिसेल, तोच आकडा जो मेमरी संपल्यावर कर्नलने बॅकअपचा जीव घेतला की सकाळी लॉगमध्ये सापडतो. यावेळी ट्रॅप चालणारच नाही, कारण ९ क्रमांकाचा सिग्नल कुणाला अडवता येत नाही. कुलपाची फाइल तशीच पडून राहील आणि तिसऱ्यांदा स्क्रिप्ट चालवली तर ती ‘आधीचं काम चालू आहे’ म्हणून परत फिरेल. तिथे विद्यार्थ्याला ‘एफलॉक’ दाखवावा. त्याचं कुलूप कर्नलकडे असतं, आणि ते धरून बसलेली प्रक्रिया कशीही मेली तरी कर्नल ते सोडवतो.